दत्ता, तुझ्या गाडीला नवे पाय बसले

सन दोन हजार पंचवीस. माझं वय एकाहत्तर, अन् तुझं एकसष्टावरच थांबलं.

दत्ता, काम झालं. हे आधी सांगतो, कारण तुला दम न्हाई. कुणी गोष्ट सुरू केली की 'शेवट काय झाला?' हे तू आधी विचारायचास. पण कसं झालं ते मी माझ्या चालीनं सांगणार. आयुष्यात पहिल्यांदा तुला मधी तोंड घालता येणार न्हाई, तर गप ऐक.

आपली ओळख कानापासून. नवरीच्या भावानं लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा असतो. तू बारा वर्षांचा, मी बावीसचा, मिशीला नुकता पीळ बसायला लागलेला. बाकीची पोरं कानाला हात लावतात, टोपी-उपरण्याचा मान घेतात अन् मोकळी होतात. तू धरला तो धरलाच. भटजी म्हणले, सोड रे बाळा. तू म्हणलास, 'आधी दाजी मला फटफटीवर बसवतो म्हणू द्या.' माझ्याकडं तवा सायकल बी न्हवती. दुसऱ्याच्या सायकलीची पंक्चरं काढत होतो. तरी हो म्हणलो, कारण कान लाल झाल्ता अन् मांडव हसून राह्यला होता. पुढं मी तीर्थपुरीत गाड्यांचा मिस्त्री झालो, तू जालन्यात मास्तर झालास, पण तो कान काही तू सोडला न्हाईस. एकोणपन्नास वर्षं.

अठरा वर्षांखाली तू ती लाल गाडी घेतलीस. तुझ्या शाळेतले मास्तर लोक स्कूटरवर पिशवी अडकवून यायचे, अन् तू पुढं वाकून, फुगलेल्या टाकीवर पोट टेकवून. तुझ्या आक्कानं पहिल्यांदा बघितली तवा म्हणली, 'ही गाडी चालवायची का हिच्या पाया पडायचं?' मी तोंडावर नावं ठेवली. पण तू आत जेवायला गेल्यावर मी ती गावच्या वेशीपर्यंत नेऊन आणल्ती. हे तुला कधी सांगितलं न्हाई. आज सांगतो. वेशीपर्यंत न्हाई, पार पुढच्या फाट्यापर्यंत.

तवापासून तिचा मिस्त्री मी. इंजिनाची मला काळजी न्हवती. तिचं दुखणं पुढच्या शॉकपचं. शॉकप म्हणजे पुढच्या चाकाच्या दोन बाजूंचे दोन पाय, आत स्प्रिंग अन् तेल. खड्डा आला की ते दबतात, माणूस वाचतो. तुझ्या गाडीचे पाय मुळात बारीक. त्यात पाइपांवर गंज धरून बारीक खड्डे पडलेले, त्यामुळं सील बदललं की महिन्यात परत तेल गळायचं. दर संकष्टीला तू राजूरच्या गणपतीला जाणार, अन् राजूरच्या अलीकडच्या पुलावर सांध्याला चाक आपटलं की ठण्. लोखंडावर लोखंड. 'दाजी, तो पूल माझ्या मनगटात येऊन बसतो,' म्हणायचास. साठी लागल्यावर तर चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागलास. शहाणा माणूस म्हणला असता, गाडी बदलू. तू म्हणलास, पाय बदलू.

त्या दिवशी दुपारी तू दुकानावर आलास तवा मागच्या सीटला पोतं बांधलेलं.

'काय आणलं? शेळी?'

'पाय,' म्हणलास.

मोठ्या, नव्या गाडीचे पुढचे शॉकप. जाडजूड. मागून ठोकलेल्या गाडीचे होते, म्हणून पुढचं सगळं सरळ. हात फिरवला तर रेशमावानी. मला आवडले, अन् त्याच घटकेला मी म्हणलो, 'बसत न्हाईत.'

का बसत न्हाईत तेही मला दिसलं होतं. दोन्ही पाय ज्यात धरलेले असतात त्याला आम्ही टी म्हणतो. खालच्या टीला एक दांडा असतो, तो गाडीच्या मानेत जातो, त्यावर हँडल फिरतं. नव्या टीचा दांडा तुझ्या गाडीच्या मानेला दोन बोटं आखूड.

'मंग जुन्या टीचा दांडा काढायचा अन् नव्या टीत घालायचा,' तू म्हणलास. 'दांडा बारीक हाय, भोक मोठं हाय, मधी खरादीवर बुश, लोखंडाचं नळकांडं, करून घ्यायचं. मोबाईलवर एकानं करून दाखवलंय.'

'त्या मोबाईलवाल्यालाच पाठव राजूरला.'

'दाजी, अवघड काहीच न्हाई. दांडा गार करायचा, टी गरम करायची, थंडीनं लोखंड आकसतं, सहावीच्या पुस्तकात हाय. फक्त माप बिनचूक पाहिजे. ते मी व्हर्निअरनं वाचून देतो, तुम्ही फक्त बसवा.' असं म्हणून तू पोत्यात हात घातलास.

अन् मी भडकलो. 'मास्तर, तू खडू धर! मला माप शिकवू नको. तुझ्या जन्माआधीपासून पाना हाय माझ्या हातात.' जन्माआधीपासून न्हाई, पण रागात वय कोण मोजतं. तुझा हात पोत्यातून रिकामा बाहेर आला. ते मी बघितलं होतं, पण तवा त्याचा अर्थ लागला न्हाई.

तू हसलास. तेच तुझं वाईट. माणूस भांडून राह्यला तर तू हसणार.

'लावा पैज,' म्हणलास.

'लावतो. दुसऱ्या गाडीचे पाय लावून ही गाडी राजूरला जाऊन आली, अन् हँडल थरथरलं न्हाई, तर ही मिशी काढून टाकीन.'

तू घराकडं तोंड करून ओरडलास, 'आक्के! ऐकलंस का?'

तुझी आक्का दारात आली. 'ऐकलं. पण ती मिशी निघायची न्हाई. लग्नाआधीची हाय ती. माझ्यापेक्षा तिचाच मान मोठा.'

'मी हात बी लावणार न्हाई या कामाला,' मी म्हणलो. 'घेऊन जा गाडी.'

मंग तू काय केलंस? माझ्याच पेटीतला पाना घेतलास, खाली बसलास, अन् पुढचं चाक काढून भिंतीला टेकवलंस. हात झटकून म्हणलास, 'आता पाठवा मला गाडीसकट घरी! संकष्टीला नेतो.' अन् एसटीला गेलास. चहा घेऊन जा म्हणायचं माझ्या तोंडावर आल्तं. म्हणलो न्हाई. बस निघाली तवा मागच्या काचेतून तू माझ्याकडं बघून, त्या गुळगुळीत ओठावर दोन बोटांनी नसलेल्या मिशीला पीळ भरलास.

ते शेवटचं.

चौथ्या दिवशी सकाळी तुझ्या लेकीचा, पूजाचा फोन आला. चहाचा कप बाबांच्या हातातच होता म्हणली. बस. यावर मी जास्त लिहिणार न्हाई, ज्याला लिहायचं त्यानं लिहावं.

दहाव्याला नदीवर तुझे चुलतभाऊ, पुतणे ओळीनं बसले. न्हावी एकेकाचं डोकं, मिशी उतरवत आला. माझ्यापाशी थांबला. भावकीतला म्हातारा म्हणला, 'ते घरचे जावई. त्यांना लागत न्हाई.' बराबर होतं, जावयाला लागत न्हाई. मी मिशीवर हात ठेवून बाजूला उभा राह्यलो. अन् मनात म्हणलो, आता कावळा काही येत न्हाई. गाडी माझ्या दुकानात तीन पायांच्या बैलावानी पडलेली, शॉकप पोत्यात, तू चहा न घेता गेलेला. मी तयारच होतो. कावळा न्हाई शिवला तर लोक म्हणणार, काय राह्यलं मास्तरचं, अन् मंग मला पुढं होऊन कबूल व्हावं लागणार, की करतो बाबा, बसवतो.

पान ठेवलं न ठेवलं तोच कावळा आला. सरळ. भाताच्या गोळ्यावर बसला, खाल्लं, गेला. लोक म्हणले, सुखानं गेला मास्तर, काही राह्यलं न्हाई त्याचं.

दत्ता, मला असा राग आला! काही राह्यलं न्हाई? मंग माझ्या दुकानात काय पडलंय? एवढी पैज लावलीस, चाक काढून ठेवलंस, अन् तुझी इच्छाच न्हाई राह्यली? परतताना जीपमधी मी तुझ्या आक्काजवळ कुरकुर केली.

ती डोळे पुसून म्हणली, 'त्याला ठाऊक हाय तुम्ही करणार म्हणून.'

'मी कुठं म्हणलो करणार?'

'मंग कावळ्यावर कशाला एवढे पेटले?'

तेराव्याला जालन्यात, तुझ्या मस्तगडच्या घरी पूजानं विषय काढला. आत्याचा नवरा म्हणून ती मला मामा म्हणते, अन् लहानपणापासून माझ्या शब्दाबाहेर न्हाई. पण त्या दिवशी खाली बघून म्हणली, 'मामा, एकजण भंगारात घेतो म्हणतोय गाडी. बाबा न्हाईत, अन् ती तशी उघडी पडलेली, मला विचारसुद्धा सहन होत न्हाई. घेऊन जाऊ द्या त्याला.'

'संकष्टीपर्यंत थांब,' मी म्हणलो.

'अन् मंग?'

'मंग चालू गाडी बघ. बघून ठरव.'

'मामा, तुम्हीच म्हणला होता ना बसत न्हाईत?'

'म्हणलो होतो. माझंच म्हणणं खोडायला मला कुणाची परवानगी लागती का?'

ती त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणली, संकष्टीपर्यंत. त्यापुढं न्हाई.

दुसऱ्या दिवशी पोतं उलटं केलं. दोन शॉकप, त्यांच्या टीसकट, तुझ्या जुन्या चादरीत गुंडाळलेले. तेलाची बाटली. अन् तळाला एक चपटी डबी. उघडली तर व्हर्निअर. पण रेघांचं न्हाई. घड्याळावानी आकडे उमटणारं.

आता इथं मला एक गोष्ट लिहायची हाय, जी मी तुझ्या आक्कालाही सांगितली न्हवती. व्हर्निअरवरच्या त्या बारीक रेघा मला वाचता येत न्हाईत. कधीच आल्या न्हाईत. तिसरीत शाळा सुटली, अन् ते कुणाला विचारायची लाज वाटली. चाळीस वर्षं व्हर्निअर खिशाला लावून हिंडलो. गिऱ्हाइकासमोर जबडा लावायचा, एक डोळा बारीक करायचा, हं म्हणायचं, अन् मंग अंदाजानं सांगायचं. अंदाज बराबर निघायचा, हेही लिहून ठेवतो.

अन् तू, मराठी अन् इतिहास शिकवणारा माणूस. तुला व्हर्निअर कशाला? रेघांचं तुला येत होतंच. म्हणजे हे माझ्यासाठी. म्हणजे तुला ठाऊक होतं. किती वर्षांपासून रे? इतक्या गाड्या आपण मिळून बघितल्या, इतक्यांदा तू माझ्या शेजारी उभा राहून म्हणलास, 'दाजी म्हणतात तेच माप बराबर.' तोंडावरची रेघ हलू दिली न्हाईस.

मला तवा उपकार वाटले न्हाईत, खरं सांगतो. चीड आली. डबी बंद केली अन् फळीवर, ग्रीसच्या डब्यामागं टाकली. मेलेल्या माणसानं मला माप शिकवू नये.

अन् दोन्ही टींचे दांडे काढून माझ्या पद्धतीनं माप घेतलं. आतला कंपास भोकात उघडला, लोखंडी पट्टीवर धरला, जुना दांडा एसटीनं जालन्याला सलीम खरादीकडं धाडला अन् त्याला फोन लावला.

'सलीम, बुश कर. बाहेरून दहा सूत, एक बाल कमी.' सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बाल म्हणजे केसाएवढा फरक, आमच्या पिढीचं सगळं काम सुतातच झालं.

'चाचा, एमएम में बोलो.'

'दहा सूत म्हणलं ना!'

'वो ठीक है. मगर तुमारा बाल कितना मोटा है, मेरी मशीन कू क्या मालूम?'

'पन्नास वर्षांचा अनुभव हाय, तू कर.'

त्यानं केलं. जुना दांडा दाबून बुशात बसवून एसटीनं पाठवून दिला. मी टीच्या भोकात घातला, तर निम्मा हातानंच गेला अन् बाकीचा दोन टोल्यांत. तिथंच कळायला पाहिजे होतं. अशी वस्तू नाराजीनं जायला पाहिजे, घामाघूम करून. सासरी पहिल्यांदा निघालेल्या पोरीवानी. ही तर माहेरी आल्यावानी गेली. मला कळलं होतं, दत्ता. पण मी सेंटर पंच घेतला, बुशावर गोल ठिपके मारले, लोखंड थोडं उठवलं, अन् दांडा परत ठोकला. बसला घट्ट. आम्ही लोक असंच करतो, सैल झालेल्या बेअरिंगच्या घरात ठिपके मारतो अन् गिऱ्हाइकाला वाटेला लावतो. पण ते पंपाला चालतं. जिच्यावर जीव टांगलाय त्या मानेला चालत न्हाई.

गाडी जोडली. आंब्याच्या झाडापर्यंत नेली, पुढचा ब्रेक दाबला. टक्. हाताला लागलं. परत दाबला. टक्. दांडा टीमधी हलून राह्यला होता. तसाच राजूरला गेलो असतो तर त्या पुलावर हँडल एकीकडं अन् चाक एकीकडं. मी गाडी ढकलत परत आणली. वाटेत दोघांनी विचारलं, बंद पडली का? मी म्हणलो, न्हाई, मी पडलो.

घरी आलो तर तुझी आक्का दारातच होती. ती फळीपाशी गेली, ग्रीसच्या डब्यामागून डबी काढली, पदरानं पुसली, माझ्यापुढं ठेवली. म्हणजे तिलाही ठाऊक. दोघं भाऊ-बहीण मिळून मला जपून राह्यले होते, अन् मी मिशीला पीळ देत हिंडत होतो.

बटण दाबलं. आकडे उमटले. जबडे भोकाच्या कडांना लावले, तीन जागी, तू सांगायचास तसे. तिन्हीदा एकच आकडा. दत्ता, मी तो मोठ्यानं वाचला. एकतीस, टिंब, आठ, चार. दुकानात कुणी न्हवतं, तरी परत एकदा वाचला. एकाहत्तराव्या वर्षी मी पहिल्यांदा एमएमचं खरं माप वाचलं, अंदाज न करता. छाती अशी भरून आली की तुला फोन लावायला खिशात हात गेला.

मंग सलीमला लावला. सांगितलं, 'एकतीस टिंब आठ चार. भोक हे हाय. बुश त्यापेक्षा जरासं मोठं ठेव, कळलं?'

तिकडं त्यानं मशीन बंद केली. मंग म्हणला, 'चाचा, ये मास्तर बोल रहे क्या?'

'हां,' म्हणलो. 'तोच बोलून राह्यला.'

दांडा परत त्याच्याकडं धाडला, तो नवं बुश बसवून आला. दांडा बुशासकट आक्काच्या फ्रीजमधी, बर्फाच्या कप्प्यात ठेवला. तिनं भाजी काढायला फ्रीज उघडला अन् कपाळावर हात मारला, पण दार हळूच लावलं. सकाळी परसातल्या चुलीवर टी तापवली, पाण्याचा थेंब चुर्र होईल एवढीच. मला हे नवं न्हाईच, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना असंच करतात, गोवऱ्यांत लालभडक करून. म्हणजे तुझं सहावीचं पुस्तक अन् माझं बैलगाडीचं चाक एकच सांगून राह्यले होते, अन् आपण दोघं पोत्याशेजारी उभं राहून भांडलो. आक्कानं फडक्यानं टी धरली, मी गार दांडा वरून सोडला. सळ्ळकन गेला, तळाला टेकला. अन् बघता बघता दोघांनी एकमेकांना असं धरलं की मोठ्या हातोड्यानं हलेना. आक्का म्हणली, 'दत्ता सहावीत होता तवापासून हेच सांगून राह्यला होता. मला पाठ हाय.' मंग ती चुलीपाशी बसून रडली, अन् मी तिला बसू दिलं.

तरी जालन्याला नेऊन सलीमकडून आडवी पिन मारून घेतली. त्यानं टी उलटीपालटी करून बघितली. 'चाचा, अब ये हाथी के गले में डालो.'

नवे पाय लांब, त्यामुळं गाडीचं नाक वर. तू म्हणला होतास, पाइप वरच्या टीतून दोन बोटं वर काढा, नाक खाली येईल. मी आधी बराबरीतच बांधले, तू वर काढा म्हणला होतास म्हणूनच. वळणावर गाडी म्हशीवानी, बोलवलं एकीकडं अन् चालली दुसरीकडं. मंग दोन बोटं वर काढले. पट्ट्यानं आवळून पार तळापर्यंत दाबून बघितलं, चाक टीला लागत न्हाई ना. लागत न्हाई. परत निघालो. लांडोरीवानी वळली. हेही तुझंच.

पण तेलाचं न्हाई! तेलाच्या बाबतीत तू चुकला होतास. जनावरांच्या इंजेक्शनच्या पिचकारीनं दोन्ही पायांत थेंबाथेंबानं सारखं तेल भरलं, तुझ्या बाटलीतलं. ब्रेक दाबला की नाक खाली आपटायला लागलं. फार पातळ. मी ते काढून जरा जाड घातलं, अन् गाडी शहाणी झाली. मोबाईलवाल्याला सांग. मला माहीत हाय तू काय म्हणला असतास. 'दाजी, ते थंड देशातलं माप होतं.' मंग मी म्हणलो असतो, 'मंग जालन्यात कशाला आणलंस?' मंग तू हसला असतास. हे भांडण असंच उघडं ठेवतो. मी बंद करणार न्हाई.

संकष्टीला सकाळी मी तीर्थपुरीहून निघालो. मस्तगडला पूजा अन् आक्का दारात. आक्का आदल्या दिवशी एसटीनं गेल्ती. ती अडून बसली, 'वर्ष झालं न्हाई, देवळात कसं जायचं?'

'आपण कुठं जातोय. गाडी जाऊन राह्यली. गाडीला सुतक न्हाई.'

पूजा तिच्या स्कूटीवर आक्काला घेऊन मागं. मी पुढं, पोट टाकीवर टेकवून, एकाहत्तर वर्षांचा. लोक बघून राह्यले होते. बघू दे.

पूल दिसला. दत्ता, माझे खांदे आपोआप वर आले. तुझी अठरा वर्षं माझ्या मनगटांत आली. मी सीटवरून जरा उठलो, दात आवळले, सांध्यावर चाक गेलं.

ठण् आलाच न्हाई.

नाक दबलं, उठलं, बसलं. बस. हँडल तळहातात निजल्यावानी. मी पुलाच्या पलीकडं गाडी थांबवली, कारण डोळ्यांना दिसेना. मागून पूजा आली. 'मामा, काय झालं? बिघडली?'

'न्हाई,' म्हणलो. 'सुधारली.'

राजूरला खालूनच हात जोडले, पायरीपाशी नारळ फोडला, पहिला तुकडा चाकापुढं ठेवला. निघताना पूजा म्हणली, 'मामा, येताना मी चालवू?' तूच शिकवलंस तिला, शाळेच्या मैदानावर. मी मागं बसलो. स्कूटी अन् आक्का तिथं ओळखीच्या बाईकडं ठेवली, परत न्यायला येतो म्हणून. आक्का म्हणली, 'जा. पैज पुरी करून या.'

पोरीनं गाडी सरळ सोडली. बऱ्याच वेळानं मान वळवून ओरडली, 'मामा, तो पूल कधी येणार?'

'गेला!' मी ओरडलो. 'मागंच गेला!'

ती एवढी हसली की गाडी हळू करावी लागली. हसता हसता रडली. मस्तगडला उतरल्यावर चावी तिनं माझ्यापुढं धरली न्हाई. पर्समधी टाकली. भंगारवाल्याचं नाव तिनं काढलं न्हाई, अन् मीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसलो. तो कैची घेऊन मिशीच्या कडा नीट करायला लागला. म्हणलो, 'कडा न्हाई. सगळी.'

त्याचा हात थांबला. बाकावरचे दोघं उठून जवळ आले. 'मिस्त्री, कोण गेलं?' न्हाव्यानं हळूच विचारलं. 'दहाव्याला तर तुम्ही ठेवली होती. जावयाला लागत न्हाई.'

'जावई म्हणून न्हाई काढून राह्यलो,' म्हणलो. 'मेहुण्यानं पैज जिंकली.'

त्यानं साबण लावला, वस्तरा फिरवला. आरशात एक अनोळखी म्हातारा, वरचा ओठ पांढराफटक, लग्नाआधीपासून ऊन न लागलेला. मी सरळ बसलो, अन् दोन बोटांनी, नसलेल्या मिशीला पीळ भरला.